दर्यातलं कॉलेज आणि रेफरन्सला आई

माझ्या अमेरिकन रूममेटच्या भारताच्या व्हिसा फॉर्मवर रेफरन्स म्हणून आमच्या आईचं नाव आहे. पत्ता दांडिया बाजार, वडोदरा. आईने तिला आजवर फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलंय, तेही तीनदा, आणि पहिल्या दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारलाय, जेवलीस का. तरीपण भारत सरकारने उद्या फोन करून विचारलंच तर उत्तर द्यायला आई तयार बसलीये, म्हणते चांगली मुलगी आहे, थोडी बारीक आहे एवढंच.

जरा मागून सांगते. मी ओहायोत एका कॉलेजात थर्ड इयरला आहे, सध्या सुट्टीत बडोद्याला घरी आलेय, आणि ३ जानेवारीला मुंबईहून बँकॉकला उडणार, तिथून जहाज. पुढचं अख्खं सेमिस्टर, म्हणजे साधारण साडेतीन महिने, जहाजावर, रूममेटही बरोबर. प्रोग्रॅमचं नाव सेमिस्टर अ‍ॅट सी. थायलंड, व्हिएतनाम, हाँगकाँग, मलेशिया, मग भारत (हो, भारत, त्यावर येतेच), मग केनिया, साउथ आफ्रिका, म्हणजे खालून आफ्रिकेला वळसा, वर घाना, मोरोक्को आणि शेवटी युरोप. आजोबांनी लगेच अ‍ॅटलास काढला आणि म्हणाले एवढा वळसा कशाला, सुएझ १८६९ सालापासून उघडा आहे. त्यांना लाल समुद्रात २०२३ पासून जहाजांवर हल्ले व्हायला लागले ते समजावलं. मग ते तासभर केप ऑफ गुड होपवर बोटाने रेघा ओढत बसले होते.

नातेवाइकांत मात्र ‘क्रूझवर चाललीये’ एवढंच पसरलंय. मामी म्हणाली मज्जा आहे बाबा एकेकाची. शेजारच्या बेन तर दारातच, दरियामां रहेशे? भणशे क्यारे? म्हणजे शिकणार कधी? त्यांचा प्रश्न रास्त आहे ने, कारण मलाही पहिल्यांदा तोच पडला होता. तर भानगड अशी की जहाज समुद्रात असतं तेव्हाच क्लास असतात. सोमवार-मंगळवार नाहीच, ए डे आणि बी डे, आज ए चे विषय तर उद्या बी चे, रविवार बिविवार काही नाही. बंदराला लागलं की क्लास बंद, चार-सहा दिवस शहर फिरा, पुन्हा जहाज सुटलं की पुन्हा ए डे. ग्लोबल स्टडीज नावाचा एक विषय सगळ्यांना कंपलसरी. शिवाय बाकी प्रत्येक विषयाचा एक फिल्ड क्लास, म्हणजे एखाद्या बंदरात पूर्ण दिवस प्रोफेसरबरोबर, तो चुकवला तर मार्कांची वाट.

जहाजाचं नाव वर्ल्ड ओडिसी. खरं तर ते जर्मनीचं जुनं क्रूझ जहाज, ‘डॉइचलांड’, १९९८ साली कील शहरात बांधलेलं, लांबी १७५ मीटर. मी बाबांना म्हटलं सूरसागर तलावाच्या एका काठाला लावलं तर किती येईल, ते म्हणाले तू आधी पॅकिंग कर. त्याच्या आत कैझरझाल नावाचा एक हॉल आहे, झुंबरबिंबर लावलेला, एके काळी तिथे पाहुणे नाचायचे, आता तिथे सगळ्या पोरांना एकत्र बसवून लेक्चर. लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलमध्ये इकॉनॉमिक्स शिकवलं तर कसं वाटेल, तसंच काहीसं असणार, असं मी आजीला सांगितलं तर आजी म्हणाली मग चांगले कपडे ने.

आजोबांना ‘क्रूझ’ शब्दाचा भयंकर राग आहे. कोणी म्हटलं की ते सयाजीराव काढतात. बडोद्याच्या मराठी घरात कुठलाही विषय तिसऱ्या वाक्याला सयाजीरावांवर येतो हे तुम्हाला माहीत असेलच, पण इथे त्यांचं बरोबर आहे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले ते बडोदा संस्थानाच्या स्कॉलरशिपवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची असा करार. ते जहाजानेच गेले. त्याच्या तीस वर्षं आधी आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीत बसल्या, वय अठरा, न्यूयॉर्कला पोचायला जवळजवळ दोन महिने. तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून लोक वाळीत टाकायचे, प्रायश्चित्त घ्यायला लावायचे. आजोबांचं म्हणणं, त्यांच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता म्हणून ते जहाजाने गेले, तू विमान असून जहाजाने चाललीयेस, म्हणजे तुला जास्त शिकून यायला पाहिजे. मग हळूच, तुझा करार काय आहे? म्हटलं एज्युकेशन लोन. ते म्हणाले मग आमच्या महाराजांचा बरा होता.

या प्रोग्रॅमचा इतिहासही भारी आहे पण तो आईला सांगायची चूक मी केली. १९६३ साली हे सुरू झालं, तेव्हा नाव युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज. पुढे हाँगकाँगचे सी. वाय. तुंग म्हणून एक जहाज कंपनीवाले यात पडले, त्यांनी १९७० साली लिलावात चक्क जुनं क्वीन एलिझाबेथ जहाज घेतलं, त्याचं तरंगतं विद्यापीठ करायचं म्हणून, नावपण ठेवलं सीवाइज युनिव्हर्सिटी. काम संपत आलं आणि जानेवारी १९७२ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात ते जहाज जळून आडवं झालं. मी हे एकदम रंगवून सांगितलं आणि आईचा चेहरा बघितला. त्या रात्री आईच्या फोनवर यूट्यूबने तिला फक्त बुडालेली जहाजं दाखवली, आणि अजून दाखवतोय.

आता तयारी. लोकांना वाटतं तयारी म्हणजे बॅग. बॅग मी दोन दिवसांत भरीन हो. माझी तयारी मागच्या मे महिन्यात सुरू झालीये आणि ती ९० टक्के कागदं आहेत.

पहिलं पासपोर्ट. नेहमीचा ३६ पानांचा असतो, त्यात माझी आठ-दहा पानं आधीच गेलेली, आणि प्रोग्रॅमवाल्यांनी सांगितलं भरपूर कोरी पानं पाहिजेत आणि प्रवास संपल्यावर पुढे सहा महिने तरी व्हॅलिडिटी पाहिजे. तर ६० पानांचा जंबो पासपोर्ट काढायचा, फी २,००० रुपये, साध्यापेक्षा फक्त ५०० जास्त. ज्यांना पुढेमागे बरंच फिरायचंय त्यांनी सरळ हाच काढावा, मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण एक मेख आहे. माझा अमेरिकेचा एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसा जुन्या पासपोर्टात, तो अजून चालू. नवीन मिळतो तेव्हा जुन्याचा कोपरा कापून रद्द करतात, व्हिसाचं पान तसंच ठेवतात, आणि मग तुम्ही दोन्ही पासपोर्ट जोडीने घेऊन फिरायचं. त्यामुळे गेले सहा महिने मी रबरबँड लावलेली पासपोर्टची गड्डी घेऊन फिरतेय, प्रत्येक काउंटरवर रबरबँड काढायचा, माणूस कापलेला बघतो, मग नवीन बघतो, मग मला बघतो.

मग आय-ट्वेंटी, म्हणजे ही आमची स्टुडंट आहे असा कॉलेजने दिलेला कागद. अमेरिकेत शिकणारे इंडियन स्टुडंट हे नीट वाचा. अमेरिकेबाहेर सलग पाच महिन्यांच्या वर राहिलात आणि कॉलेजने तुम्हाला शिकतेय असं सिस्टीममध्ये चालू ठेवलं नाही तर परत जाताना त्रास होऊ शकतो. माझं घरचे दिवस धरूनही पाच महिन्यांच्या आतच आहे आणि क्रेडिट माझ्याच कॉलेजला धरणार आहेत, तरी मी इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन तीन वेळा विचारलं, आय-ट्वेंटीवरची ट्रॅव्हल सिग्नेचर ताजी करून घेतली (ती एक वर्ष चालते), आणि प्रोग्रॅमचं पत्र त्यालाच स्टेपल केलं. तिथल्या बाई चौथ्यांदा मला बघून म्हणाल्या तुझं झालंय, जा आता.

आणि मग व्हिसा. इथे माझ्या आणि माझ्या अमेरिकन मैत्रिणींच्या गोष्टी एकदम वेगळ्या होतात. त्यांनाही दोन-चार काढावे लागतात, व्हिएतनाम, घाना, भारत. पण युरोपला त्या नुसत्या उतरणार, साउथ आफ्रिकेला नुसत्या उतरणार. माझी एक एक्सेल शीट आहे, त्यात रंग आहेत. थायलंड हिरवा, शीट केली तेव्हा व्हिसा नको होता. मलेशियाही हिरवा, तेव्हा आपल्याला फ्री. हाँगकाँग पोपटी, व्हिसा नाही पण निघायच्या आधी ऑनलाइन नाव नोंदवून स्लिप काढावी लागते, हे भारतीय पासपोर्टवाल्यांना आहे. व्हिएतनाम पिवळा, ई-व्हिसा. केनिया पिवळा, २०२४ पासून तिथे ऑनलाइन परवानगीच काढायची असते. साउथ आफ्रिका, घाना लाल. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा, गडद लाल. भारत पांढरा. शीट करताना भारताच्या रकान्यात काय लिहू कळेना, शेवटी ‘घर’ लिहिलं.

शेंगेनचं सांगते कारण तिथे माझं डोकं सर्वात जास्त फिरलं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही, फी ९० युरो. आमचं जहाज एप्रिलमध्ये युरोपला लागणार, म्हणजे ऑक्टोबरच्या आधी काही करता येत नाही, आणि डिसेंबरात मी बडोद्याला, तेव्हा पासपोर्ट दुसऱ्यांच्या हातात देऊन बसायची माझी हिंमत नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये रात्रभर बसने शिकागोला गेले, तिथल्या एका व्हिसा सेंटरला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला युरोपमध्ये जायचं विमानाचं तिकीट? म्हटलं विमान नाही, जहाज. तो म्हणाला हो, पण त्याआधीचं विमान? म्हटलं त्याआधी मोरोक्को, तिथूनही जहाज. त्याच्या आधी? घाना, जहाज. तो मागे मागे जात बँकॉकपर्यंत पोचला तेव्हा कुठे त्याला एक विमान सापडलं आणि त्याला इतका आनंद झाला की त्याने त्याचीच प्रिंट मागितली. मग हलक्या आवाजात विचारलं, तू जहाजावर काम करतेस का. मी म्हटलं अभ्यास करते. त्याने मान डोलावली पण पटलेलं नव्हतं. व्हिसा आला, अकराव्या दिवशी. त्या अकरा दिवसांत माझी झोप उडाली होती, कारण पासपोर्ट तिकडे आणि घरी यायचं विमानाचं तिकीट इकडे.

याच्याच मध्ये कधीतरी रूममेट तिचा भारताचा फॉर्म भरत होती. आपला फॉर्म कोणी भरलाय का? आपण कशाला भरू म्हणा. वडिलांचा जन्म कुठला, आईचा कुठला, धर्म कुठला, अंगावर ओळखीची खूण काय, आजी-आजोबांपैकी कोणी पाकिस्तानचं होतं का. ती हसायला लागली, मी नाही हसले, कारण माझ्या शीटमधल्या देशांनी मला याहून बरंच काही विचारलं होतं. खुणेच्या जागी तिने गुडघ्यावरचा सायकलवरून पडल्याचा व्रण लिहिला. मग रेफरन्स इन इंडिया आलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली. अशी आमची आई त्यात आली.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट ट्यूब पेटली की या जहाजाच्या हिशेबात आपला देश हा बघायचा देश आहे. फॉरेन. जहाजावर कुठलंही बंदर यायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून प्री-पोर्ट सांगतात, कुठे कसं वागायचं, पाणी कुठलं प्यायचं, रिक्षावाल्याशी भाव कसा करायचा. ते भारतासाठीही होणार आणि मी त्यात बसणार. हजेरी घेतात, त्यामुळे सुटका नाही. ग्रुपमधल्या पोरींनी आत्ताच मला धरलंय, तू आहेसच ने आमच्याबरोबर कोचीनला. अगं पण मी कोचीन बघितलेलंच नाही! माझा भारत म्हणजे बडोदा, मुंबई, पुण्याची आत्या, एकदा रत्नागिरी, आणि शाळेची सहल दिल्ली-आग्रा. रत्नागिरीच्या खाली मी गेलेच नाही. मल्याळम मला थाईइतकंच येतं. पुण्यात आत्याकडे मी ‘गुजरातची’, इथे कॉलनीत आम्ही ‘मराठी’, ओहायोत मी ‘इंडियन’, आणि कोचीनला उतरल्यावर काय, तर रांगेत एकटी वेगळी. सगळं जहाज फॉरेनरच्या लायनीत आणि मी आपल्या लोकांच्या लायनीत, रबरबँडवाले दोन पासपोर्ट घेऊन.

असो. लसीबद्दल. यलो फिव्हरची लस आफ्रिकेसाठी लागते, घानात त्याशिवाय शिरूच देत नाहीत, आणि केनियाहून साउथ आफ्रिकेला येणाऱ्यांकडे तिथेही कार्ड मागतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारी सेंटरला ठरावीक वारी. आम्ही अहमदाबादला गेलो, बाबांनी सुट्टी टाकली. एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि उघडली की लगेच संपवावी लागते म्हणून सगळ्यांना जमवून एकदम देतात, त्यामुळे आमची एक छान टोळी झाली होती, नैरोबीत दुकान असलेले एक पटेल काका, दोन मर्चंट नेव्हीची पोरं, आणि मी. नर्सने अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का विचारलं, बाबा म्हणाले आम्ही खातच नाही, नर्स म्हणाली तुम्हाला नाही विचारलं. पिवळं कार्ड मिळतं, टोचल्यावर दहा दिवसांनी चालू होतं आणि आता जन्मभर चालतं, आधी दहा वर्षांचं होतं, २०१६ पासून बदललं. मर्चंट नेव्हीच्या पोरांनी मला विचारलं कुठल्या कंपनीत, कुठल्या रँकवर. मी म्हटलं विद्यार्थी. त्यातला एक म्हणाला पैसे देऊन चाललीस? आम्हाला पैसे देतात तरी जावंसं वाटत नाही. पण त्यानेच सर्वात कामाचं सांगितलं. केबिन निवडता येत असेल तर खालची आणि मधली घे, खिडकी नसली तरी चालेल, टोकाला आणि वर जास्त हलतं. पहिले दोन दिवस उपाशी राहू नको, कोरडं खा. गरगरलं की डेकवर जा आणि लांब क्षितिजावर नजर ठेव, मोबाइलकडे बघू नको. आतल्या कानाला कळतंय की आपण हलतोय आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसतेय, त्या भांडणात पोट मरतं, हे त्याचं वाक्य.

आता मुद्दा असा की मला बोट लागते का हेच माहीत नव्हतं. बडोद्याची मुलगी, पाणी म्हणजे विश्वामित्री नदी, आणि त्यात मगरी. त्यामुळे बाबांनी ट्रायल काढली. हजिरा ते घोघा रो-रो फेरी, २०२० पासून चालू आहे, सुरतजवळून बसायचं आणि खंभातच्या आखातातून पलीकडे भावनगरच्या बाजूला उतरायचं, रस्त्याने ३७० किलोमीटर आणि पाण्यातून ९०. पहाटे गाडी काढली, आई, बाबा, मी, डब्यात ठेपले. गाडीसकट बोटीत चढलो. समुद्र निळा असेल असं वाटत असेल तर विसरा, चहाच्या रंगाचा, कारण तिथल्या भरती-ओहोटीत दहा-दहा मीटरचा फरक पडतो आणि तळाचा गाळ सगळा ढवळून वर. मी अ‍ॅव्होमिन, म्हणजे बोट लागू नये म्हणूनची गोळी, न घेता गेले, मुद्दाम, खिशात आलेपाक ठेवला. एक तास झाला, काही नाही. दोन तास झाले, मी दोन ठेपले खाल्ले. तिसऱ्या तासाला मी वळून बघितलं तर बाबा हिरवे पडलेले. पुढचा सगळा वेळ मी त्यांना डेकवर धरून उभी, बाबा क्षितिज बघा क्षितिज बघा, आणि ते म्हणत होते कुठेय क्षितिज सगळं सारखंच दिसतंय. खरंच तसंच दिसत होतं, वरपण मळकट, खालीपण मळकट. परत येताना ते म्हणाले मी रस्त्याने येतो. गाडी तर त्यांनाच चालवायची होती, म्हणून सगळेच रस्त्याने आलो, रात्री दीडला घरी.

त्यामुळे मला बोट लागत नाही असा निष्कर्ष घरात निघालाय. चार तासांच्या आखातावरून इंडियन ओशनचा निष्कर्ष काढणं बरोबर नाही हे मला कळतं, म्हणून अ‍ॅव्होमिनच्या दोन स्ट्रिप घेतल्यात, गप्प.

पॅकिंगचं भांडण आई विरुद्ध नियमावली असं चालू आहे. जहाजावर तापणारी वस्तू केबिनमध्ये चालत नाही, समुद्रात आग म्हणजे पळायला जागा नाही, म्हणून किटली नाही, इस्त्री नाही, मेणबत्ती-उदबत्ती काही नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून ड्रिल असतं, सात छोटे भोंगे आणि एक लांब, तो वाजला की हातातलं टाकून ठरलेल्या जागी. हे ऐकून आईला जरा बरं वाटलं (तुंग साहेबांच्या जहाजानंतर तिला आगीचंच टेन्शन आहे). तर किटली गेली. मग मेतकूट आलं, कारण ते भातावर नुसतं घालता येतं. भाजणी मी परत काढून ठेवली, थालीपीठ मी काय डेकवर लावू? लीलो चेवडो दोन किलो, त्यातला एक किलो रूममेटसाठी, बारीक आहे म्हणून. छोटा गणपती आणि मंगळ बाजारातला बॅटरीच्या सेलवर चालणारा दिवा. देवाला चालेल का यावर आजीने निर्णय दिला की कॅप्टनला नाही चालत तर देव समजून घेईल.

आणि पतंग. हे माझं खरं दुःख आहे. १४ जानेवारीला बडोद्यात नसणं म्हणजे काय हे गुजरातबाहेरच्या लोकांना कळणार नाही. दोन वर्षं ओहायोच्या बर्फात उत्तरायण काढलं, यंदा डिसेंबरात घरी आले तरी अकरा दिवसांसाठी हुकणार. सकाळी सहाला अख्खं शहर गच्चीवर, उंधियु-जिलेबी वर येते, संध्याकाळपर्यंत ‘काप्यो छे’ ओरडून घसा बसतो. मी ठरवलं होतं की एक फिरकी आणि दहा पतंग घेऊन जाणार, डेकवर एवढा वारा फुकट, वरच्या उघड्या लिडो डेकवरून पतंग उडवणारी पहिली मुलगी मी. मग आजोबांनीच विचारलं, आणि कापला गेला तर? पडणार कुठे? समुद्रात. आणि जहाजावरून समुद्रात बहुतेक काहीच टाकायचं नाही हा आंतरराष्ट्रीय कायदा आहे, प्लॅस्टिक तर कुठेच नाही. जहाजावरची मंडळी त्याबाबतीत फार कडक असतात म्हणे. म्हणून आता मांजा नाही, फिरकी नाही, नुसते सहा कागदी पतंग, बॅगच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये. केबिनच्या भिंतीला लावीन. तिळगूळ आहेच, सहाशे पोरांना पुरणार नाही, पण आमच्या मजल्यावर वाटीन आणि गोड बोला म्हणायला लावीन सगळ्यांना.

कोचीन. माझा एक फिल्ड क्लास नेमका तिथेच पडलाय, विषय मसाल्यांचा व्यापार. मट्टनचेरीची गोदामं, १५६८ सालचं सिनेगॉग, आणि फोर्ट कोचीचं ते चर्च जिथे वास्को द गामाला आधी पुरलं होतं, तो १५२४ साली तिथेच वारला ने. आईला हे सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. म्हणजे डॉलरमध्ये फी भरून तुला वेलदोडे दाखवायला नेणार? तेही भारतात? म्हटलं हो. ती म्हणाली डब्यात आहेत, उघडून बघ. आणि मग दोन मिनिटांनी, कितव्या तारखेला?

बस, तिथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. आई, बाबा, आजोबा तिघं कोचीनला येतायत. आजीचे गुडघे म्हणून ती नाही येत. बाबा विमानाला तयार होते पण आजोबांना कोकण रेल्वे बघायचीये. ओखा-एर्नाकुलम गाडी आठवड्यातून दोनच दिवस असते, बडोद्यावरून जाते, दीड दिवस लागतो. हल्ली रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला बाबा लॅपटॉपवर, मी ओहायोतून फोनवर, माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ. आजोबांचं सीनिअर सिटिझन म्हणून लोअर बर्थ कन्फर्म. आई-बाबा वेटिंग १४, १५. जहाजावर पाहुणे असे चढवता येत नाहीत, बंदराच्या गेटातूनही पासशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे भेटायचं कुठे यावर तीन दिवस चर्चा झाली आणि फोर्ट कोचीला त्या मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी असं ठरलंय. मी वेळ पुन्हा पुन्हा सांगून ठेवलीये, कारण जहाजावर परतायची वेळ एकदा लिहिली की ती वेळ, उशीर झाला तर पुढच्या बंदरात आत बसवून ठेवतात. आजोबा म्हणाले आमची गाडी लेट झाली तर? म्हटलं तर मग केनियाला या.

आधी जाऊन आलेल्या एका सीनिअर मुलीने सांगितलंय की जहाजावरचं नेट सॅटेलाइटवरून येतं, रोजच्या व्हिडिओ कॉलवर विसंबून राहू नको. म्हणून आईने रूममेटचा नंबर घेतलाय, जणू तिचं नेट वेगळ्या आकाशातून येणार. काल रात्री आई तिच्याशी तिसऱ्यांदा बोलली, बॅगांच्या ढिगाऱ्यात फोन उभा करून. इंग्रजीत, जवळजवळ. कोचीनला काय आणू विचारलं. रूममेटने नीट ऐकू आलं नाही म्हणून नुसतं येस म्हटलं. आता पुरणपोळ्या येणार आहेत, दीड दिवसाच्या गाडीतून.

मी हे लिहीत असताना बाबांनी आतून ओरडून सांगितलं, चौदा-पंधराचं पाच-सहा झालंय.